मदत हवी आहे: भातमळ्यांवरील खापरांवरून सामाजिक दर्जा कसा ठरवावा?

अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या, म्हणजे साधारण 1800 ते 1860 या काळातील, जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना किनाऱ्यावरील भातमळ्यांवर मी दीर्घ लेख लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे. मळामालकाच्या घरी छापील नक्षीच्या पसरट ताटल्या आणि गुलामांच्या खोपटांशी रंगीत पट्ट्यांचे खोलगट वाडगे, असा फरक जॉर्जियातील कॅनन्स पॉइंट या मळ्याच्या उत्खननात दिसला; पगारी गोऱ्या मुकादमाची भांडी मात्र गुलामांच्या भांड्यांशी जुळणारी निघाली. तो मळा कापसाचा होता, म्हणून त्याचे निष्कर्ष भातमळ्यांना सरसकट लावायला मी कचरतो.

भातमळ्यांवर नेमून दिलेले काम, बहुधा पाव एकराचे, उरकल्यावर उरलेला वेळ गुलामांचा असे. त्यात पिकवलेली भाजी, कोंबड्या, अंडी विकून काही जण वस्तू विकत घेत. त्यामुळे खोपटाच्या अंगणात सापडलेली निळ्या नक्षीची खापरी मालकाघरची टाकाऊ की स्वकष्टाने घेतलेली, हा खरा पेच आहे. मोठ्या घरातील नक्षीशी जुळणी आणि भांडे बनल्याचा काळ व वस्तीचा काळ यांतील अंतर, या दोन कसोट्या मी उत्खननांतील खापरांच्या प्रकाशित तक्त्यांवर लावून पाहिल्या. परंतु एकाच नक्षीची भांडी बाजारातही मिळत असल्याने पहिली कसोटी लंगडी पडते.

प्रत्यक्ष खापरे हाताळणे मला शक्य नाही आणि शुल्क भरून मिळणारी नियतकालिकेही आवाक्याबाहेर आहेत. केवळ प्रकाशित तक्त्यांच्या आधारे मालकाघरून उतरलेली भांडी आणि विकत घेतलेली भांडी वेगळी ओळखण्याची याहून भरवशाची कसोटी कोणती, की त्यासाठी हाडे, गुंड्या, मणी यांचा पुरावा सोबत घेणे अपरिहार्यच आहे?