योकोहामा एका दिवसात: तुमचे पाऊल कुठे रेंगाळले?

टोकियोला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक योकोहामासाठी जेमतेम एक दिवस काढतात आणि माहितीपत्रके सगळ्यांना तीच चार ठिकाणे सुचवतात. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरे आहेत. तेव्हा ज्यांनी हे बंदर पाहिले आहे त्यांनी, तिथे वेळ कुठे सार्थकी लागला आणि काय वगळले असते तरी चालले असते, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

पुण्याचा, सध्या टोकियोत

टोकियोतल्या शिबुयाहून तोयोको रेल्वेमार्गाची थेट गाडी मोतोमाची-चुकागाई या शेवटच्या स्थानकापर्यंत जाते. तिथे उतरून आधी यामाते टेकडी चढावी आणि मग किनाऱ्याने मिनातो मिराई या बंदराकाठच्या आधुनिक भागाकडे चालत यावे, म्हणजे चढ सकाळीच संपतो आणि दिवे लागायच्या वेळी आपण योग्य ठिकाणी पोहोचतो.

माझे वडील माझगाव गोदीत फिटर होते, त्यामुळे यामाशिता उद्यानाला लागून कायमची नांगरलेली हिकावा मारू ही बोट दिसताच आमचे वेळापत्रक कोलमडले. १९३० साली योकोहामातच बांधलेली ही बोट सिअ‍ॅटलच्या मार्गावर धावत असे, युद्धकाळात ती रुग्णालय-जहाज झाली आणि १९६१ पासून ती येथे उभी आहे. चार्ली चॅप्लिनने तिच्यातून प्रवास केला होता, म्हणून पहिल्या वर्गाच्या खोल्यांपाशी लोक थांबतात. बाबा मात्र थेट इंजिनघरात उतरले. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना इंधन जळणारी डिझेल इंजिने त्यांनी आजवर केवळ ऐकली होती, आणि तिथे ती मला त्यांनी इतक्या तपशिलाने समजावून सांगितली की १९११ आणि १९१३ सालची लाल विटांची गोदामे त्या दिवशी राहूनच गेली. मला त्याची खंत नाही. बोट सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

दादरची

त्याच उद्यानातला छोटा घुमट बहुतेक जण ओलांडून जातात. तो ‘भारतीय जलस्तंभ’ आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात येथील भारतीय व्यापाऱ्यांपैकीही काही जण दगावले आणि वाचलेल्यांना शहराने आसरा दिला. त्या उपकाराची आठवण म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९ मध्ये हे पाणपोईवजा स्मारक शहराला भेट दिले. आत उभे राहून छताकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण रंगीत तुकड्यांची खरी कारागिरी तिथेच आहे. ज्या उद्यानात ते उभे आहे, ते उद्यानही भूकंपाच्या ढिगाऱ्याचा भराव घालून तयार केलेले आहे, हे कळल्यावर तिथली हिरवळ मला वेगळीच वाटू लागली.

नागपूरची, पूर्ण शाकाहारी

चायनाटाउनच्या कमानी आणि कानतेइब्यो मंदिर जरूर पाहावे, परंतु जेवणाची भिस्त तिथे ठेवू नये. भाजीच्या पदार्थांतही मांसाचा किंवा मासळीचा अर्क असतो, आणि विचारल्यावर नम्रपणे होकार मिळाला तरी समोर येणाऱ्या वाटीत कोळंबी असू शकते. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, ती उद्यानातल्या बाकावर बसून खाल्ली आणि कचरा परत घेऊन आलो, कारण तिथे कचराकुंडी शोधणे हेच एक स्वतंत्र पर्यटन आहे.

ठाण्याचा

मी वरील मताशी अंशतः असहमत आहे. मांसाहारी माणसाने चायनाटाउन टाळणे म्हणजे दिवस अर्धा करणे होय. उंचावरून शहर पाहण्यासाठी मात्र पैसे खर्चू नयेत. ओसानबाशी धक्क्याचे लाकडी छत विनामूल्य आहे आणि तिथून जहाजे, गोदामे आणि कॉस्मो क्लॉक हा ११२.५ मीटर उंच पाळणा एकाच नजरेत येतो. जिना नसल्याने गुडघ्यांची तक्रार असलेली माझी आईही उतरणीवरून सावकाश वर आली.

नाशिकचा, इतिहासाचा अभ्यासक

एवढ्या चर्चेत सांकेइएन या उद्यानाचे नाव कुणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. १८५९ मध्ये खुले झालेले हे बंदर रेशमाच्या निर्यातीवर मोठे झाले, आणि हारा सांकेइ या रेशीम व्यापाऱ्याने त्या संपत्तीतून हे उद्यान उभारून १९०६ मध्ये लोकांसाठी खुले केले. जुन्या इमारती त्याने दुरून येथे आणवल्या. टेकडीवरचा तीनमजली पॅगोडा १४५७ सालचा असून तो क्योतोजवळून १९१४ मध्ये हलवला आहे. १९१६ च्या जपान दौऱ्यात रवींद्रनाथ ठाकूर येथे मुक्कामाला होते. हे ठिकाण किनाऱ्यावरच्या गर्दीपासून दूर आहे आणि संध्याकाळी पाच वाजता बंद होते, त्यामुळे बसने सकाळी प्रथम येथेच यावे आणि बंदराकडे दुपारी वळावे.