हॉर्सशू कॅनियन (युटा): सासऱ्यांना नेऊ का?

साताऱ्याची_सून
आम्ही डेन्व्हरला असतो. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. वय ६७, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कच्या या दरीतल्या ग्रेट गॅलरीचे, म्हणजे कातळभिंतीवरच्या प्राचीन चित्रांचे, फोटो पाहिल्यापासून "सून, हे मला बघायचंय" एवढंच चाललंय. मागच्या वर्षी अजिंक्यतारा न थांबता चढले होते. ऑक्टोबरात तंबू टाकून राहता येईल का? झेपेल का त्यांना?

घाटमाथा
झेपेल, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: हा गड उलटा आहे. आपल्याकडे सकाळी ताज्या पायांनी चढायचं आणि उतरताना गप्पा मारायच्या. इथे सकाळी गार हवेत मजेत खाली उतरता, आणि ७८० फुटांचा चढ उरतो तो दुपारी, दमल्यावर, वाळूतून. येऊन-जाऊन ७ मैल. मी आईला घेऊन गेलो होतो. जाताना ती पुढे होती, येताना दर वळणावर "अजून किती रे?" आणि आमच्याकडे दोघांत मिळून दीड बाटली पाणी. चूक माझी. माणशी एक गॅलन न्या, खाली पिण्याच्या पाण्याची सोय नाही.

मुक्काम वरच, वाट सुरू होते तिथे. संडास आहे, पाण्याचा नळ नाही. खाली कॅनियनमध्ये रात्र काढायला बंदी आहे. आमच्या तंबूच्या खुंट्या काही केल्या रुतेनात, शेवटी चारी कोपऱ्यांना दगड बांधले. रात्रभर वारा. सकाळच्या पोह्यांत वाळू कचकचत होती, आई म्हणाली शेंगदाणे समजून खा.

खाली एकूण चार ठिकाणी चित्रं आहेत, ग्रेट गॅलरी सगळ्यात शेवटी. पहिल्या तिन्हींत फार वेळ घालवू नका (मी घालवला). शेवटची भिंत साधारण २०० फूट लांब. माणसाहून उंच आकृत्या, बहुतेकांना हातपाय नाहीत, नुसतं निमुळतं धड, गेरूसारखा तांबडा रंग. 'होली घोस्ट' म्हणतात ती मात्र फिकी, रंग फुंकरून उडवल्यासारखी, आणि डोळ्यांच्या जागी मोठाल्या खोबणी. या उंच मंडळींच्या पायाशी बोटभर बकऱ्या आहेत, त्या फोटोत दिसतच नाहीत. आई वाळूत मांडी घालून बसली ती अर्धा तास उठलीच नाही.

कातळवेडा
दुर्बीण न्या, बकऱ्या तिनेच दिसतील. तुमचे सासरे वही नेणार असतील तर लांबून रेखाटू देत, पण भिंतीला हात नाही, वर कागद ठेवून ठसा घेणंही नाही. कोकणात उक्षीला कातळशिल्पं जमिनीवर कोरलेली आहेत, तीही लोक खडूने भरून फोटो काढायचे, जीव जळतो. इथे तर नुसता रंग आहे. या चित्रांचं वय आधी चार हजार वर्षं वगैरे सांगायचे. २०१४ मधल्या अभ्यासात कोसळलेल्या दगडाखालची वाळू तपासून ते बरंच अलीकडे, इ.स. १ ते ११०० च्या दरम्यान आणलं.

साताऱ्याची_सून
आप्पांना (सासऱ्यांना) 'उलटा गड' वाचून दाखवलं. म्हणाले, "काठ्या दोन घे, एक तुझी." रस्ता कसा आहे? आमची साधी सेडान आहे.

घाटमाथा
कोरडं असेल तर सेडान जाते, पण हायवे २४ सोडल्यावर ३० मैल कच्चा रस्ता आहे आणि वाऱ्याने वाळू आडवी येते. पाऊस पडला असेल तर जाऊ नका. पेट्रोल ग्रीन रिव्हर गावातच भरा. तिकडून येताना उजवीकडे गॉब्लिन व्हॅलीचा फाटा लागतो, तो गेला की लगेच डावीकडे वळायचं. आम्ही हे वळण चुकून पार हँक्सव्हिलला पोचलो होतो.