मदत हवी आहे : मंदीत वॉटर पार्कचं तिकीट उतरवावं की पास काढावा?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीजवळ आमचं छोटं वॉटर पार्क आहे. येणारी बहुतेक स्थानिक कुटुंबं, शिवाय सावंतवाडी-बेळगावकडच्या शाळांच्या सहली. यंदा माणसं घटली, पण त्याहून जास्त घटलाय माणशी खर्च. पूर्वी पोरं निथळत थेट कॅन्टीनच्या खिडकीशी यायची, दुपारीच भजी-पाव संपायचे. आता आया पिशवीतून डबे काढतात. डब्यांवर बंदी घालायला मन होत नाही. या महागाईत त्यांनी तरी काय करावं?

खर्च मात्र हलत नाही. पन्नास येवोत की पाचशे, पंप, फिल्टर, क्लोरिन तेवढंच लागतं. जीवरक्षक कमी करणार नाही, तो सल्ला कृपया नको. तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहेच.

मे महिन्यात तिकीट ७०० वरून ५०० केलं. गर्दी वाढली, गल्ला जवळपास तेवढाच. २००९च्या मंदीत डिस्नेनेही सवलती देऊन गर्दी सांभाळली, पण उद्यानांचा नफा सुमारे चतुर्थांशाने घसरला. मला भीती तीच आहे. आणि एकदा उतरवलेला दर परत चढवणं फार कठीण जातं.

आता रविवारचा दर ७०० ठेवून गोंयकारांसाठी हंगामी पास काढायचा विचार आहे. पावसाळ्यात आम्ही बंद असतो, म्हणजे पास आठेक महिन्यांचा.

ज्यांनी असे पास चालवलेत त्यांनी सांगावं: पासवाले पुन्हा आल्यावर खाण्यावर पैसे खर्च करतात, की रविवारची जागाच अडवतात? आणि पासची किंमत किती तिकिटांएवढी ठेवलीत?