बी विंगमागचा गुलाब तोडण्याआधी

*संदीप (सेक्रेटरी):* कंपाउंड वॉलचं काम गणपतीनंतर सुरू होतंय. बी विंगमागचं गुलाबाचं झुडूप मध्ये येतं. माळीदादा म्हणतात सात पानी (एका देठाला सात पानं) आहे म्हणजे जंगली, काढून टाकतो. कुणाची हरकत?

*शुभदा, बी-४०२:* माझी आहे. सात पानांची खूण जुन्या गुलाबांना लागू पडत नाही. त्यांच्या एकाच फांदीवर पाच पानी आणि सात पानी डहाळ्या शेजारी शेजारी असतात. फांदी कुठून निघाली ते बघायचं: कलमाच्या गाठीखालून आली तर खुंटाची, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची. इथे गाठच दिसत नाही, सगळे फुटवे मातीतून आहेत.

*निखिल, सी-१०१:* फोटो टाकलाय. गुलाबी, भरपूर पाकळ्या, वास जबरदस्त. वर्षभर अधूनमधून फुलतो. गुलकंदाचा चैती का?

*शुभदा, बी-४०२:* चैती म्हणजे दमास्क, तो मार्च-एप्रिलमध्ये एकदाच बहरतो. वर्षभर फुलतोय म्हणजे बहुधा एडवर्ड. रियुनियन बेटावरचा, चायना (मूळ चीनमधल्या गुलाबांचा गट) आणि दमास्कच्या संकरातून आलेला बूर्बाँ गटातला गुलाब. आपल्याकडे त्याच्यावर डोळे भरत, म्हणजे दुसऱ्या गुलाबाचा डोळा (कळी) बसवून कलम करत. वरचं नाजूक कलम मरतं, खालचा एडवर्ड तगतो. त्यामुळे माळीदादा अर्धे बरोबर आहेत, खुंटच असेल! पण १८६७ च्या 'ला फ्रान्स'च्या (पहिला हायब्रिड टी, म्हणजे आजच्या लांब दांड्याच्या गुलाबांचा गट) आधीचे वर्ग ते जुने गुलाब, असं मानतात, आणि बूर्बाँ त्यातलाच. मल्टिफ्लोरा (खुंटासाठी वापरतात तो जंगली गुलाब) असता तर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस आले असते आणि पानाच्या देठाच्या बुडाशी झालर दिसली असती.

*पद्माकर काका, ए-६०३:* मग आत्ताच कलमं करा, पावसाळा चांगला. नुकतंच फूल गळालेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. कोवळी हिरवी सडते, जुनी लाकडासारखी मुळं धरत नाही. २० सेंमी तुकडा, ४ डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वर दोन पानं ठेवा. बुडाला रूटिंग पावडर, जास्तीची झटका. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं. शेणखत अजिबात नको, बूड काळं पडतं. निम्मी फांदी मातीत. वरून तळ कापलेली पाण्याची बाटली, झाकण उघडं. उजेड हवा, ऊन नको.

*मीनल, बी-२०३:* काका, माझ्याकडच्या दुसऱ्या गुलाबाच्या काडीला दहा दिवसांत कोंब आलेत. कुंडी बदलू?

*पद्माकर काका, ए-६०३:* नको नको! ते कोंब काडीतल्या साठ्यावर आलेत, मुळं अजून नसणार. लोक इथेच घाई करतात आणि मग कोंब मान टाकतो. ओढूनही बघू नका. ६ ते ८ आठवड्यांनी कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं दिसली की हलवा. तिथून पुढे माती २ भाग, जुनं शेणखत १, वाळू १. १४ इंची कुंडी पुरते.

*शुभदा, बी-४०२:* काड्या निम्म्या जातील असं धरून २० लावा. शिवाय झाडावरच्याच फांदीला मुळं आणायला दोन गुटी बांधा: फांदीची २.५ सेंमी रुंद साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येतच नाहीत. ओलं मॉस, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट. पारदर्शक प्लास्टिक घेतलं तर मुळं बाहेरून दिसतात.

*निखिल, सी-१०१:* ताईला ठाण्यात बाल्कनीसाठी जुना गुलाब हवाय. दमास्क चालेल?

*शुभदा, बी-४०२:* तिथे नको. त्याला हिवाळ्यात थंडी लागते. किनाऱ्यावर नुसती पानं येतील. चायना गटातला 'ओल्ड ब्लश' किंवा लाल 'क्रॅमॉइझी सुपेरियर' द्या. दोन्ही उष्णतेत टिकतात. फक्त ऑक्टोबरमध्ये हायब्रिड टीसारखी खोल छाटणी नको, चायना रुसतो. वाळकं आणि आत वळलेलं काढा, बाकी वरचा एक तृतीयांश. नर्सरीत नाव विचारण्यापेक्षा फुललेलं झाड बघून घ्या, लेबलं सर्रास चुकतात.

*संदीप (सेक्रेटरी):* ठीक. माळीदादांना थांबवलं. गुटी किती दिवस?

*पद्माकर काका, ए-६०३:* पावसात ५-६ आठवडे. तोवर कंत्राटदाराला त्या कोपऱ्यात वाळू-खडी टाकू देऊ नका. मूळ झाडही हलवता येईल: १.५ फुटावर छाटून, फूटभर मातीच्या गड्ड्यासकट, ढगाळ दिवशी. पण त्याची खात्री देत नाही, गुटी आधी.

*शुभदा, बी-४०२:* कुंड्यांवर 'एडवर्ड' लिहू नका अजून. 'बी विंग गुलाबी' आणि लावल्याची तारीख लिहा, तीही पेन्सिलने. मार्कर उन्हात उडतो.