तेव्हा फोटो काढायला हात मोकळा नव्हता

आमच्या घरचे प्रवासाचे फोटो बघून कुणालाही वाटेल, ही माणसं लेकरं घेऊन कायम हसतच फिरतात. गणपतीपुळ्याला टोपी घालून, महाबळेश्वरला कणीस हातात धरून. खरा प्रवास या दोन फोटोंच्या मधे झालेला असतो. काखेत पोर, खांद्याला पिशवी, दातांत बाटलीचं झाकण. तेव्हा फोटो काढणार कोण?

तर तेवढंच सांगा. कुठे राहिलात, काय पाहिलंत ते नको. हात अडकलेले होते तेव्हाचं लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात मी करते. लेक दहा महिन्यांची, मे महिना, लांबची एसटी. मधल्या एका मोठ्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबणार होती आणि पोरगी भुकेने लालबुंद झालेली. समोर पाटी दिसली, ‘हिरकणी कक्ष’. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या गवळणीचं नाव, आणि स्टँडवर अंगावर पाजायला आडोसा म्हणून केलेली खोली. बरं वाटलं. दाराला कुलूप. चौकशीच्या खिडकीत विचारलं, तर किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. ते हात पुसत आले, कुलूप उघडलं. आत तीन खराटे, फिनेलचा कॅन आणि भिंतीला टेकवलेली मोडकी सायकल. हिरकणीला निदान कडा तरी मोकळा मिळाला होता.

बाहेर बाकावर नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. उठल्या, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर असा पसरला, जणू बाजारात टोमॅटो घ्यायला निघाल्यात. पाच मिनिटं तशाच. मग मागे न बघता म्हणाल्या, "झालं का गं? माझी बारामती लागलीया."

डोंबिवली, एका मुलाचा बाबा

आमचं पहिलं गणपतीतलं सावंतवाडी. पोरगा आठ महिन्यांचा, स्लीपरचा डबा, आणि डब्यात आरक्षण असलेल्यांपेक्षा नसलेले जास्त. पनवेलला जो रडायला लागला तो थांबेना. बायकोने घेतलं, मी घेतलं, समोरच्या काकूंनी घेतलं. रोह्याच्या आसपास सासूबाईंनी पिशवीतून जुनी सुती साडी काढली आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, वर चढा." समोरासमोरच्या दोन वरच्या बर्थच्या कड्यांना साडीची टोकं बांधून त्यांनी झोळी केली. तळाला दुपटं दुमडून घातलं. पोरगं आत ठेवलं आणि गाडीनेच झोका दिला. दहाव्या मिनिटाला झोपलं.

पुढे अडचण अशी की झोळी बरोबर मधोमध. पलीकडच्या खिडकीकडे जाणारा प्रत्येक माणूस वाकून, तिच्याखालून जायला लागला. टीसी आले. आम्हाला वाटलं, आता सोडायला लावणार. त्यांनी झोळीत डोकावून पाहिलं आणि तिकिटं बघायला तेही वाकून आत शिरले.

आता तोच पोरगा पाच वर्षांचा आहे आणि बोगदे मोजतो. कोकण रेल्वेवर नव्वदीच्या वर बोगदे आहेत, तो विसापर्यंत आकडे नीट म्हणतो, मग पुन्हा एकपासून. प्रत्येक बोगद्याला "रात्र झाली!" आणि बाहेर आल्यावर "उठा उठा!" असा गजर. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो. तिथे ‘रात्र झाली’ म्हणून झालं, थोडा वेळ गेला, आणि मग तो गप्प. माझं बोट धरलं. बराच वेळ काहीच बोलला नाही. उजेड आल्यावर बोट सोडलं आणि म्हणाला, "ही अमावस्या होती."

लातूर

आमचा एसटीचा हिशोब लिहिते. माझी आई ७६ वर्षांची, म्हणजे फुकट. मी बाई, २०२३ पासून निम्मं. मोठा सात वर्षांचा, हाफ. धाकटी चार वर्षांची, फुकट. चार माणसं, मिळून एक तिकीट. कंडक्टरने मशीनवर बटणं दाबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी आणखी कुणी राहिलंय का, ताई?"

मोठ्याचा मात्र अपमान झाला होता. "मी हाफ नाही, मी दुसरीत आहे" असं तो मुरूडपर्यंत म्हणत होता.

कोल्हापूर, सून

आंबा घाट. पोरगीला गाडी लागते हे माहीत होतं, म्हणून तयारी जय्यत. आवळासुपारी, अर्धं लिंबू, आलेपाक, काचा उघड्या, सकाळी फक्त कोरडी भाकरी. घाटाच्या एकेका वळणाला मी आरशातून तिचा चेहरा बघतोय, ती आपली माकडं मोजतीया. सगळा घाट उतरलो. साखरपा आलं, रस्ता सरळ झाला, मालक म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतीस." तेवढ्यात तिनं तोंडावर हात धरला. प्लॅस्टिकची पिशवी डिकीत, कारण घाट संपला म्हणून मीच आवरून ठेवलेली.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. सोवळ्याओवळ्याचं इतकं करणारी बाई, आमच्या घरात कांद्याची सुरी वेगळी आहे. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. गाडी थांबेपर्यंत तशीच धरून बसल्या, एक थेंब सीटवर नाही. खाली उतरून हात धुतले आणि मला म्हणाल्या, "आता लिंबू मला दे."

त्या दिवसापासनं मी कांद्याच्या सुरीवरून वाद घालत नाही. म्हणजे, कमी घालतो.

श्टुटगार्टजवळ, जर्मनी

इथल्या लांब पल्ल्याच्या आगगाडीत लहान मुलांसाठी वेगळा छोटा कंपार्टमेंट असतो. बाबागाडीला जागा, दार लावून घेता येतं, पोरं कितीही किंचाळली तरी कुणी काही म्हणत नाही. सहा वर्षांखालच्यांना तिकीटही नाही. घाईत बुकिंग केलं मी, आणि आम्हाला जागा मिळाल्या शांतता डब्यात. तिथे मोबाईलवर बोलायचं नाही, आवाज करायचा नाही. मुलगी साडेतीन वर्षांची. मी घाबरून चिवड्याचा डबाच उघडला नाही. तीन तास चित्रं रंगवली, कुजबुजत गोष्टी सांगितल्या. खरंच शहाण्यासारखी वागली.

डिसेंबर होता. साडेचारला बाहेर अंधार पडला आणि डब्यातले दिवे अधिक प्रखर वाटायला लागले. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की काय करायचं, हे तिला आजीने व्हिडिओ कॉलवरून रोज शिकवलेलं. ती सीटवर उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात ‘शुभंकरोति’ सुरू. मी तिचा फ्रॉक ओढतेय, ती आणखी मोठ्याने. ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ला तर पूर्ण डबा मान वळवून बघत होता. शेवटी तिने रीतसर सगळ्यांना नमस्कार केला, समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसालाही. त्याने कानातलं काढलं, थोडं चाचरत हात जोडले आणि पुन्हा कानात घातलं.

आईला रात्री सांगितलं, तर ती विचारते, "पूर्ण म्हणाली का?"

नाशिक

मी उलटं लिहितो. आमची जुळी. पहिली साडेतीन वर्षं आम्ही गंगापूर धरणाच्या पलीकडे गेलो नाही आणि काहीही बिघडलं नाही. लोक म्हणायचे, सवय लावा, मुलं शिकतात. शिकली ती आता शिकली. गच्चीवर सतरंजी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, "चला, सहलीला आलो". दोघांना ते पुरायचं. न जाण्याची लाज वाटून घेऊ नका, एवढंच.

पुणे, एका मुलीचा बाबा

वेळासची कासवं. मंडणगड तालुक्यातलं गाव, ऑलिव्ह रिडले किनाऱ्यावर अंडी घालतात, ती गावकरी राखतात. पिल्लं निघायच्या दिवसांत घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. असलं तर पिल्लू, नसलं तर वाळू. लेक पाच वर्षांची, दोन महिने घरात कासव याशिवाय विषय नाही.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली, वाळू. दुसऱ्या पहाटे पाचला उठवलं, चिखलातून, टॉर्चने. वाळू. संध्याकाळी परत वाळू. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू तिला समजावत होत्या, "अगो, त्यांची वेळ झाली की ती येतील, आपण ओढून काढायची नसतात." तिसऱ्या पहाटे टोपली उचलली आणि खाली काळी, ओली, मुठीत मावतील एवढी पिल्लं, एकावर एक. लोकांचा एकदम आवाज झाला. तिने माझा शर्ट ओढला. "बाबा, शी."

मी म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, "नाही." ज्यांना मुलं आहेत त्यांना तो ‘नाही’ कळेल. उचलली आणि सुरूच्या बनातून धावत सुटलो. परत आलो तोवर वाळूवर नुसत्या बारीक रेघा होत्या, समुद्राकडे गेलेल्या. मला अक्षरशः रडू येत होतं. ती त्या रेघांच्या बाजूने बोट फिरवत पाण्यापर्यंत गेली. मोजल्या तिने, अकरा म्हणाली. शाळेत जाऊन सांगितलं, "मी शी करून येईपर्यंत कासवं घरी गेली." बाईंनी मला फोन करून विचारलं, नक्की काय झालं होतं.

चोडण, गोवा

आमचा रोजचाच प्रवास. बेटावर राहतो, मुलीची बालवाडी पलीकडे, म्हणून सकाळी रायबंदरची फेरीबोट. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. गेली दोन वर्षं आमच्याकडे उशिराला ‘फेरी चुकली’ हे एकच कारण आहे आणि ते बाईंना चालतं, कारण त्याही कधीकधी त्याच फेरीत असतात. दप्तर माझ्या गळ्यात, तिचा एक बूट माझ्या हातात, आणि ती पुढे धावत ओरडते, "पात्राव, राव रे!" म्हणजे मालक, थांबा. खलाशी दोर सोडता सोडता थांबतो. मी चढलो की तिला विचारतो, "हांकां व्हरूंक जाय?" म्हणजे यांना न्यायचं का? ती विचार करते, मग हो म्हणते.

नागपूर, आई

माझं थोडं वेगळं आहे. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. नवीन जागा त्याला सोसत नाही. एकदा लग्नासाठी अमरावतीला निघालो आणि बडनेऱ्याहून परत आलो, स्टेशनवर तो कानावर हात धरून आडवा झाला होता आणि लोक आम्हाला सांगत होते, दोन थपडा द्या.

पण दर रविवारी आम्ही मेट्रोने जातो. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौक, तिथून परत खापरी. उतरायचं नाही, कुठे जायचं नाही. तिसरा डबा, डावीकडची सीट. ती रिकामी नसेल तर पुढची गाडी. एअरपोर्टनंतर उज्ज्वलनगर, मग जयप्रकाशनगर, मग छत्रपती चौक. डब्यात घोषणा व्हायच्या आधी तो म्हणतो आणि मग गाडीने बरोबर म्हटलं की मान हलवतो. गड्डीगोदामला मेट्रो रेल्वेच्याही वरून जाते. तिथे तो काचेला नाक लावतो. खालून त्याच क्षणी आगगाडी जायला हवी असते. बहुतेक रविवारी जात नाही. तो मला सांगतो, "आज नाही." त्रागा नाही, रडणं नाही. घरी याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या कारणावरून भिंतीवर डोकं आपटतो.

मागच्या महिन्यात गेली. लांबलचक मालगाडी, बरोबर आमच्या खालून. मी आनंदाने त्याचा हात दाबला, विसरलेच की त्याला हात लावलेला चालत नाही. त्याने हात काढून घेतला. नारी रोड आलं, तेव्हा काचेकडेच बघत म्हणाला, "अठ्ठावन्न डबे."

घरचे विचारतात, तेच तेच बघून तुला कंटाळा नाही येत? येतो. मी स्वेटर विणते.

ठाणे

वरच्या ताईंना: मालगाडीत अठ्ठावन्न डबे असू शकतात. मी रेल्वेत आहे. त्याने बरोबर मोजले असतील.

पिंपरी

उद्या पहाटे आम्ही निघतोय. पोर नऊ महिन्यांचं, स्लीपर, मधला आणि खालचा बर्थ. हे सगळं वाचून नवऱ्याने पिशवीत आईची एक सुती साडी टाकलीय. डोंबिवलीच्या दादांनी झोळीची गाठ कशी मारायची ते जरा सांगा.

डोंबिवली, एका मुलाचा बाबा

सासूबाईंना विचारून लिहितोय. साडी चौपदरी करा. टोक कडीवरून दोनदा फिरवून मग गाठ, आणि त्या गाठीवर आणखी एक. बाळ ठेवायच्या आधी बाळाच्या वजनाएवढ्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आत ठेवून हलवून बघा. उंची खालच्या बर्थच्या वीतभर वर, त्याहून वर नको, आणि कुणाचा तरी हात सतत झोळीवर. तो बदलत राहा, खांदा भरून येतो. मधला बर्थ लावलेला असेल तेव्हा बांधूच नका.

आणि वरची लाल साखळी दिसली तर ती कडी नाही. त्या सांगू नको म्हणाल्यात, पण आमच्या सासूबाईंनी पहिली गाठ तिलाच मारायला घेतली होती.