श्रद्धेला पुरावा मागायचा का? घरात रोज वाद चाललाय

रामबाग_वहिनी
नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचेच, चार पिढ्या इथे गेल्या. सध्या घरात सासरे (अण्णा) विरुद्ध माझा मुलगा असा सामना चालू आहे. मुलगा फिजिक्स शिकतोय त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं प्रूफ पाहिजे. अण्णांचं म्हणणं, २१ सप्टेंबर १९९५ ला मी स्वतःच्या हाताने गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि दूध संपलं, डोळ्यांनी बघितलंय, तू तेव्हा जन्मला पण नव्हतास. मुलगा म्हणतो सरफेस टेन्शन, म्हणजे दूध मूर्तीला टेकलं की आपोआप तिच्यावर ओढलं जातं. मग अण्णा पुढचा पत्ता टाकतात, त्यांचं बायपास झालं तेव्हा सासूबाईंनी खजराण्याला (इथलं गणपतीचं देऊळ) मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतं, अण्णा ठणठणीत घरी आले आणि मग जाऊन सरळ काढून आल्या, तर हा पुरावा नाही तर काय? मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. जेवायला बसलं की हाच विषय. श्रद्धेला पुरावा लागतो का, आणि लागत असेल तर कसला?

नवलखा_नास्तिक
वहिनी, दुधाचं तर तेव्हाच निकालात निघालं होतं. दिल्लीत सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून मूर्तीला लावलं, तर ते मूर्तीवरूनच खाली ओघळताना दिसलं. पांढरं दूध पातळ थराने उतरलं तर गर्दीत कोणाला दिसणार? चमचा रिकामा झाला हे अण्णांनी बघितलं, ते खरंच आहे. देव प्यायला हे नाही बघितलं, ते धरून घेतलं.

खजराण्याची भिंत मात्र भारी आहे. उलटं म्हणजे नवस बोललाय, सरळ म्हणजे पावला, म्हणजे लोकांनी आपणहून हिशोबच लिहून ठेवलाय की! पण ज्याचा पेशंट वाचला नाही तो सरळ काढायला येत नाही आणि चार लोकांत सांगत पण नाही. आपल्या कानावर येतात त्या फक्त पावलेल्या नवसांच्या गोष्टी.

आणि बायपासचंच म्हणाल तर अमेरिकेत नेमका त्यावरच प्रयोग झालाय, हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि मंडळी, २००६, सहा हॉस्पिटलं, १८०२ पेशंट. काहींसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करून घेतली, काहींसाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात आहोत ते माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर कॉम्प्लिकेशन एकात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ५९! खर्च टेम्पलटन फाउंडेशनचा, ते काही धर्माचे शत्रू नाहीत.

टिळकनगर_काका
हा प्रयोग दरवेळी तोंडावर मारतात. अहो, पण ज्या गटासाठी "प्रार्थना नाही" त्या पेशंटांच्या बायका-मुलांना देवाचं नाव घेऊ नका असं कोणी सांगितलं होतं? ते घरी प्रार्थना करतच असणार. मग तुलना कशाची कशाशी केली? आणि देव म्हणजे काय गोळी आहे का, की अर्ध्यांना दिली, अर्ध्यांना नाही आणि मग मोजत बसलो. मी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणतो, काही मिळावं म्हणून नाही.

नवलखा_नास्तिक
काका, काही मिळावं म्हणून नाही ना, मग आपलं भांडणच नाही. तुमच्या रामरक्षेला कोण प्रूफ मागतंय? पण अण्णा म्हणतायत की नवसामुळे बायपास चांगलं झालं. हा दावा झाला, आणि दावा केला की तपासणी आलीच. चमत्कार घडला की पुरावा, आणि नाही घडला की देवाची परीक्षा घ्यायची नसते, असं दोन्हीकडून कसं चालेल?

सराफा_रात्री_१२
भिया लोकं, उज्जैनला कालभैरव दारू पितो ते राहिलंच 😄 तिथे पण रंग टाकून बघणार का

जुनी_पोथी
पुरावा मागणं हे काय इंग्रजांबरोबर आलेलं खूळ नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ईश्वर आहे हे अनुमानाने सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला, घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग हेही कार्य आहे म्हणजे त्याचाही कोणी कर्ता असणार, हा त्यातला एक युक्तिवाद. समोर नुसते चार्वाक आणि बौद्ध नव्हते बरं का. मीमांसक तर वेद शब्दन्शब्द मानणारे, यज्ञ करणारे, पण त्यांच्यातल्याच कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता ईश्वर साफ नाकारला. आज असा माणूस व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तर त्याला आस्तिक म्हणायचं की नास्तिक यावरच मारामारी होईल. वहिनी, अण्णा पुरावा देतायत म्हणजे ते पुरावा हा खेळ मान्य करूनच उतरलेत. मग नातवाने उलटतपासणी केली तर रागवायचं कशाला? काकांची भूमिका वेगळी आहे, ते उतरतच नाहीत.

नवलखा_नास्तिक
+१. वहिनी एक सांगा, नवस ऑपरेशनच्या आधीचा की नंतरचा?

रामबाग_वहिनी
ऑपरेशन झाल्यावर, अण्णा आयसीयूत असताना. मुलाने पण हेच पकडलं. अण्णा म्हणाले डॉक्टरची फी दिली, गणपतीला लाडू दिले, दोघांचं बिल चुकतं केलं, तुला काय त्रास आहे? पण काका, तुमचा मेसेज वाचून दाखवला तर अण्णांना तो अजिबात आवडला नाही. म्हणे काही मागायचंच नाही तर खजराण्याला एवढी लाइन कशाला लागते?

टिळकनगर_काका
लाइन लागते हे खरं आहे. मी पण बुधवारी त्याच लाइनमध्ये असतो. अण्णांना म्हणावं या एकदा, तिथेच उभ्या उभ्या बोलू, नातवाला पण आणा.