गावात राहून ऑनलाइन कमाई आणि स्वतःची वेबसाइट: तुमचे अनुभव लिहा

दारव्हा तालुका, यवतमाळ

कापूस वेचून झाला की आमच्या गावातली पोरं पुण्याची गाडी धरतात. अलीकडे त्यातली काही थांबली आहेत. कुणी टायपिंगचं काम घेतं, कुणी व्हिडिओ करतं, शेजारच्या मावशींचं लोणचं कुरिअरने हैदराबादला जातं. मी स्वतः कापूस आणि तुरीवर एक छोटी वेबसाइट चालवतो. गुलाबी बोंडअळीवरचं पान ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात जास्त वाचलं जातं, कारण ही अळी बोंडाच्या आत असते. वरून पीक चांगलं दिसतं, बोंड फोडलं की अळी सापडते, आणि शेतकरी तिथंच वावरात उभा राहून मोबाइलवर शोधतो. हे मला ठाऊक आहे कारण मीही तसाच उभा असतो. आपल्या हाताखालून गेलेल्या कामावर लिहिलेलं किंवा विकलेलंच टिकतं, असं माझं ठाम मत आहे.

तुमचं काय? सुरुवात कशातून केली, पैसा कुठून आला, खर्च कशावर झाला ते लिहा. आकडे ढोबळ चालतील, फुगवलेले नकोत. मोबाइलवरच्या जाहिराती ऐकून पोरं फसतात, त्यांना खरं काय ते कळलं पाहिजे.

समुद्रपूर तालुका, वर्धा

दादा, आमची वायगाव हळद. सासरी पिढ्यान्‌पिढ्या लावतात. पूर्वी सगळी हळद व्यापाऱ्याकडे जायची, भाव तो सांगेल तो. आता निम्मी तरी दळून वेबसाइटवरून विकतो.

वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. वर्डप्रेस फुकट मिळतं, त्यावर दुकान मांडायचं वूकॉमर्सही फुकट. पैसे लागतात ते डोमेन म्हणजे वेबसाइटच्या नावाला आणि होस्टिंगला, म्हणजे ती ठेवायच्या जागेला. पहिल्या वर्षाचा दर बहुतेक ठिकाणी कमी दाखवतात, नूतनीकरणाचा दर वेगळा आणि जास्त असतो. म्हणून नाव घेताना दुसऱ्या वर्षाचा दर आधी वाचावा. देवनागरीत .भारत नाव २०१४ पासून घेता येतं, पण गिऱ्हाईक इंग्रजी कीबोर्डवरच पत्ता टाकतं म्हणून आम्ही .इन घेतलं.

कागदपत्रांचं सविस्तर सांगते, कारण खायची वस्तू विकणाऱ्या बायांना हेच कुणी सांगत नाही. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागतेच. मी काढली तेव्हा लहान उद्योगाला वर्षाला १०० रुपये शुल्क होतं. वायगाव हळदीला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं, म्हणून गावातला कुणीही ते चिन्ह पाकिटावर छापू शकतो असं होत नाही. प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली वेगळी नोंदणी करावी लागते. तिसरं जीएसटीचं. ओल्या हळदीवर कर नाही, वाळलेल्या हळदीवर आहे. आणि कर लागणारा माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. हे वर्ध्याच्या सीएकडून समजून घेतलं आणि मगच हैदराबाद, इंदूरच्या ऑर्डर उघडल्या.

पार्सल स्पीड पोस्टाने जातं, कारण आमच्या गावातून खासगी कुरिअर उचलत नाही. ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी साधारण दोन टक्के कापते. ते किमतीत आधीच धरावं. सगळ्यात जास्त माणसं येतात ती हळद कशी शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो त्या फोटोंच्या पानावरून. ते पान वाचून आलेलं गिऱ्हाईक भाव करत नाही.

चिमूर तालुका, चंद्रपूर

कोलारा गेटजवळ दोन खोल्यांचं होमस्टे आहे. ताडोबाला येणारा माणूस आधी गूगलच्या नकाशावर राहायची जागा शोधतो, म्हणून पहिल्यांदा गूगलवर व्यवसायाची नोंद केली. ती फुकट असते. वेबसाइट नंतर आली. बुकिंगच्या मोठ्या अॅपवरही आहोत, पण ते प्रत्येक बुकिंगमागं कमिशन घेतात. एकदा येऊन गेलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट आमच्या वेबसाइटवरून येतो, तेवढं कमिशन वाचतं. वेबसाइटचा खरा फायदा आम्हाला इथंच झाला.

वेबसाइटवर तीन गोष्टी ठळक लिहिल्या आहेत: कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, मंगळवारी सफारी नाही, आणि सफारीचं बुकिंग आम्ही करत नाही, ते वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. हे लिहिल्यापासून फोन कमी झाले आणि जे येतात ते तयारीनं येतात. जंगल पाहायला आलेल्या माणसाला वाघ दिसेलच असं वचन आम्ही कुठंच लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

वडसा, गडचिरोली

आमच्याकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाची, नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालतात जी. मी त्यांचं यूट्यूब चॅनल चालवतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं लागतं. नाटक लांब असल्यामुळे तास लवकर भरले, सबस्क्राइबरला मात्र वेळ लागला. नाट्यमंडळाची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही नाटक टाकत नाही. उत्पन्नातला वाटा मंडळाला जातो. कलावंताच्या घशावर आपण एकट्यानं कमवायचं हे बरोबर नाही. गूगलचा कराचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका जी. तो भरला की अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या रकमेवरच १५ टक्के कापतात, नाही भरला तर सगळ्याच कमाईवर कापणी बसू शकते.

वरुड तालुका, अमरावती

म्या अजून वेबसाइट काढली नाही, पन एक गोष्ट पोट्ट्याईले सांगाची हाये. आमच्या गावात दोन पोट्ट्याईले टेलिग्रामवर मेसेज आला, व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या पैसे घ्या. पयले दीडशे-दोनशे रुपये खात्यात खरंच आले. मंग म्हने मोठ्या टास्कसाठी आधी पैसे भरा. भरले, आन गेले. एकाच्या बापानं सोयाबीन इकून आनलेले पैसे होते ते. काम देनारा आपल्याले पैसे देते, आपल्यापासून घेत नाही, येवढं ध्यानात ठेवा. डाटा एन्ट्रीचं काम देतो, पयले नोंदनी फी भरा, असं म्हनते तेही तसंच. फसलं कोनी तं लाजून घरी बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लावा. जितक्या लवकर सांगसान तितके पैसे अडवाची आशा जास्त.

संत्र्याचं म्हनसान तं मी बगीचा उक्ता, म्हंजे सगळा एकदम ठोक भावानं, देत होतो. यंदा आंबिया बहाराचे थोडे संत्रे व्हॉट्सअॅपवर नागपूरच्या वळखीच्या लोकाईले इकले. भाव बरा भेटला. समुद्रपूरच्या ताईनं लिहिलेलं वाचून आता वेबसाइटचं मनावर घेतलं हाये.

पुसद, यवतमाळ

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीची कामं कमी झाली तेव्हा जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणून द्यायला लागलो. श्रीलिपी, कृतिदेवमध्ये टाइप केलेलं वेबसाइटवर तसंच टाकलं तर वाचता येत नाही आणि गूगलला सापडतही नाही. कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावेच लागतात, आणि त्या तपासण्याचेच मला पैसे मिळतात. पुण्या-मुंबईचे प्रकाशक काम देतात. महिन्याला दुकानाचं भाडं आणि वीजबिल यातून सुटतं.

पोलीस भरती, तलाठी भरतीच्या सराव प्रश्नांची एक वेबसाइटही आहे, त्यावर गूगल अॅडसेन्सच्या जाहिराती, म्हणजे गूगल आपल्या वेबसाइटवर जाहिराती दाखवून त्यातला वाटा देतं. हिंदीला अॅडसेन्स २०१४ मध्ये मिळालं, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. कमाई १० डॉलर झाली की गूगल पत्ता तपासायला पोस्टानं एक गुप्त आकडा (पिन) पाठवतं. गावचा पत्ता मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोडसकट नीट लिहा आणि पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवा. १०० डॉलर भरले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. मराठी वाचकांच्या जाहिरातींना दर कमी मिळतो, त्यामुळे १०० डॉलर भरायला काही महिने जातात. भरतीची जाहिरात निघाली की वाचक वाढतात, एरवी शांत. यावर घर चालेल असं मी कुणाला सांगणार नाही.

मेहकर, बुलढाणा

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. संध्याकाळी लाइट जाते. विकायला घरी काहीच नाही, लिहायला आवडतं. माझ्यासारखीनं कुठून सुरू करावं?

समुद्रपूर तालुका, वर्धा

ताई, डोमेन घेशील तेव्हा स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर घे. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाचं नाव वेबसाइट बनवून देणाऱ्यानं आपल्याच खात्यात घेतलं होतं. नूतनीकरणाच्या वेळी तो फोन उचलेना. गटाला नवं नाव घ्यावं लागलं, पाकिटं पुन्हा छापावी लागली.

दारव्हा तालुका, यवतमाळ

तू मेहकरची, म्हणजे लोणारचं सरोवर तुझ्या हाकेवर. २०२० साली ते रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झालं, त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं आणि देशभर नाव गेलं. येणारा माणूस काय विचारतो ते तुला पाठ असेल: मेहकरहून बस किती वाजता, विवरात उतरायला कोणती वाट, दैत्यसुदन मंदिर किती वाजता उघडतं, जेवायला कुठे. एकेका प्रश्नाला एकेक पान कर. आधी स्वतः जाऊन बघ, फोटो स्वतःचे काढ, बसचं वेळापत्रक डेपोत विचारून लिही आणि बदललं की बदल.

ब्लॉगरवर फुकट सुरू करता येतं, होस्टिंगचा खर्च नाही, मोबाइलवरून लिहिता येतं. लाइट जाण्याआधी मजकूर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेव, नेट आलं की चढव. स्वतःचं डोमेन पुढे त्यालाच जोडता येतं, तोवर एक पैसाही घालू नकोस. पहिलं पान बसच्या वेळांचं कर. लोणारला पहिल्यांदा येणारा तेच आधी शोधतो.